बॅराक्लफांची नवी शेड

मी, म्युरिएल एथेल बॅराक्लफ, अविवाहित, वय वर्षे चौऱ्याहत्तर, राहणार ७, बँक टेरेस, क्रॅगफर्थ, वेस्ट यॉर्कशायर, हे माझे शेवटचे मृत्युपत्र स्वहस्ताक्षरात लिहून ठेवीत आहे. यापूर्वी केलेली दोन्ही मृत्युपत्रे मी रद्द करते. माझे चित्त ठिकाणावर आहे, माझ्यावर कोणाचा दाब नाही, आणि डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. दर रविवारी दुपारी खालच्या अंगाच्या, आमच्या बंद पडलेल्या कारखान्यातून, यंत्रे हाताने फिरवल्याचा आवाज मला येतो, हे मी त्यांना लपवून ठेवले नाही. त्यांनी विचारले, "भीती वाटते का?" मी म्हटले, "नाही, तो माझा भाऊ आहे." मग त्यांनी सही केली.

वकील मि. एंटविसल यांनी सगळा मसुदा एका पानात बसवून आणला होता. तो मी परत केला. ते म्हणाले, "मिस बॅराक्लफ, कोर्टाला कारणं लागत नाहीत."

"कोर्टाला नसतील लागत. ज्यूडिथला लागतील."

म्हणून हे लांबले आहे. त्याची फी त्यांनी माझ्या मिळकतीतून वसूल करावी.

कलम १. राहते घर, पुढील कलमांत वेगळे सांगितलेले सोडून त्यातील सर्व सामानासह, माझी भाची ज्यूडिथ हिला द्यावे. ही माझा थोरला भाऊ विल्फ्रेड याची एकुलती मुलगी. ती दोन वर्षांची असताना तिची आई गेली, आणि विल्फने तिला वाढवले ते माझ्या हातांनी. घर तिने ठेवावे किंवा विकावे, माझी हरकत नाही. मागच्या खिडकीतून कारखान्याची शेड दिसते, तिथे आता स्वस्त गालिचे विकतात. घर घेणाऱ्याला एवढेच सांगावे. रविवारचे सांगू नये, भाव पडेल.

कलम २. बँकेतील व पोस्टातील शिल्लक निम्मी ज्यूडिथला, निम्मी चॅपलला. चॅपलने त्यातून म्हाताऱ्यांना गुरुवारचे गरम जेवण द्यावे, छपराला हात लावू नये. छपरासाठी लोक देतात.

चुलतभाऊ हर्बर्ट यास काही नाही. विल्फच्या अंत्यविधीच्या दिवशी तो विल्फच्या खुर्चीत बसला आणि खुर्चीची किंमत विचारू लागला. ती खुर्ची मी त्याच आठवड्यात जाळली, तेव्हा तीही त्याला मिळणार नाही.

कलम ३. तळघरातील पहिल्या बनावटीचे वॉशिंग मशीन. हे मी नेली सटक्लिफ हिला द्यायचे ठरवले होते. ती म्हणाली, "नको. माझ्याकडे आता आपोआप चालणारं आहे, आणि तुमच्याकडून काही घेतलं तर मला साक्षीदार होता येणार नाही म्हणे. मला सहीच करू द्या." म्हणून ते गावच्या संग्रहालयाला द्यावे. मात्र त्याच्यासोबत ही हकीकत द्यावी.

आमचे वडील कपडे पिळायचे लाकडी रूळ बनवीत. लढाईहून विल्फ परत आला तो सैन्याच्या वर्कशॉपमध्ये मोटारी दुरुस्त करायला शिकून. साबण अजून रेशनवर होता. तरी तो वडिलांना म्हणाला, "बाबा, आता बायका रूळ फिरवणार नाहीत." वडील हसले. पण तीन वर्षांत हे यंत्र उभे राहिले. मी ते गाडीत घालून गावोगावच्या सभागृहांत न्यायची आणि बायकांसमोर चालवून दाखवायची. मळक्या चादरी आत, झाकण बंद, बटण. बायका नाटक पाहावे तशा पाहत.

अशाच एका दुपारी सगळ्या निघून गेल्यावर एक तरुण बाई मागे उरली. तिचे हात कोपरापर्यंत लाल होते. आमच्याकडे सोमवार म्हणजे धुण्याचा दिवस. पहाटे चूल पेटवून पाणी तापवायचे ते रात्री कपडे वाळत घालेपर्यंत. ती बराच वेळ यंत्राकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे हे घेतलं की सोमवार मोकळा?"

"मोकळा."

"मग सोमवारी मी काय करू?"

"बस की."

ती बसली नाही. दुसऱ्या सोमवारी ती कारखान्याच्या फाटकावर काम मागायला आली. तीच नेली. पहिल्या पगारातून तिने आमचेच यंत्र हप्त्याने घेतले. त्या वर्षांत गावात कोणी रिकामे नव्हते. लोकांकडे गालिचे आले, दूरदर्शन संच आले, पोरांना नवे बूट आले. आमच्या चॅपलचे पाद्री सुबत्तेचा धोका काय असतो यावर प्रवचन देऊ लागले, इतके चांगले दिवस होते. ज्यूडिथ, हे मी आधी लिहिते आहे, कारण पुढचे वाचून तुला वाटेल की ते सगळे खोटे होते. ते खोटे नव्हते.

कलम ४. निळ्या काठाच्या जेवणाच्या बशा, वाडगे व चटणीचे भांडे ज्यूडिथला. भांड्याचा कान मी चिकटवलेला आहे.

माझा धाकटा भाऊ लायनेल शिष्यवृत्तीवर शिकला आणि लंडनला एका सरकारी खात्यात गेला. देशाच्या पैशाचा लगाम ओढायचा की सैल सोडायचा, हे ज्या खोल्यांत ठरते त्यांतल्या एका खोलीत त्याचे टेबल होते. विल्फ त्याला चिडवून "साहेब" म्हणे, आणि त्याचा अभिमान गावभर मिरवी. १९६० च्या ईस्टरला तो घरी आला. मी कोकरू भाजले होते. विल्फ त्या दिवशी इतका खुशीत होता की धड जेवत नव्हता.

"अरे, मागणी इतकी आहे की माणसं बोळात बसून जोडणी करतायत. नवी शेड बांधतोय. बँक तयार आहे, मंगळवारी सही करतो. काय साहेब, तुमच्या लंडनचा काय हुकूम? धावू का?"

लायनेलने सुरी खाली ठेवली. "मला सुट्टीच्या दिवशी असलं विचारू नकोस, विल्फ."

"बघ म्यूरी, कसा भाव खातोय! हो म्हण, नाही तर नाही म्हण."

लायनेलने चटणीचे भांडे उचलले आणि त्याच्यापुढे केले. "पुदिन्याची चटणी घे. म्युरिएलनं छान केलीय."

विल्फने चटणी घेतली. मंगळवारी सही केली. पुढच्याच आठवड्याच्या अखेरीस रेडिओवर ऐकले की हप्त्याने काही घ्यायचे तर पाचवा हिस्सा रोख आधी भरायचा आणि उरलेले दोन वर्षांत फेडायचे. तोवर असले बंधन नव्हते. गिऱ्हाईक एका महिन्यात आटले. नवी शेड उन्हाळ्यात बांधून झाली, ती न विकलेली यंत्रे ठेवायला कामी आली. निम्म्या माणसांना कमी करावे लागले. विल्फने प्रत्येकाला स्वतः बोलावून सांगितले. नेली त्यांत होती. तिचे हप्ते थकले, आणि हप्त्यावाल्यांची गाडी येऊन तिच्या स्वयंपाकघरातून तेच यंत्र घेऊन गेली, जे तिने स्वतः जोडले होते. जाताना त्यातले ओले कपडे तिला बादलीत काढून घ्यावे लागले.

कलम ५. विल्फची हत्यारांची पेटी ज्यूडिथच्या नवऱ्याला. वापरणार असेल तर. भिंतीवर शोभेला टांगणार असेल तर नको.

विल्फ दर रविवारी शेडमध्ये जाई. यंत्रे न वापरता पडून राहिली की आतले रबर धरते आणि दांडा जाम होतो. म्हणून तो प्रत्येक यंत्राचे झाकण उघडी, टबात हात घालून आतला पंखा चार वेळा फिरवी, झाकण लावी आणि पुढच्या यंत्राकडे जाई. पांढऱ्या यंत्रांच्या रांगा, आणि गुर्र, गुर्र असा एकच आवाज. माणसे कमी केली, पण यंत्रे तो कोणाच्या हाती देईना.

दुसऱ्या वर्षी लायनेल आला तेव्हा विल्फने त्याला तिथे नेले. मी चहाला बोलवायला गेले आणि दारातच थांबले.

"ईस्टरला तुला ठाऊक होतं?"

"ते मला सांगता येत नाही, विल्फ."

"बरं. म्हणजे सांगितलंस."

लायनेलचा चेहरा यंत्रांसारखाच पांढरा दिसत होता. "ऐकून तरी घे. लोकांच्या हाती पगार खुळखुळला की ते वस्तू घेतात, परदेशातून माल येतो, आणि देशाची गंगाजळी आटते. मग पौंडावर कोणी विश्वास ठेवत नाही. कुठंतरी लगाम ओढावाच लागतो. आणि त्या खोल्यांत बसणाऱ्या प्रत्येकाला एक भाऊ असतो. प्रत्येकानं आपापल्या भावाच्या कानात सांगितलं तर लगाम कुणासाठी ओढायचा? ज्यांचा भाऊ तिथं नाही, फक्त त्यांच्यासाठी?"

या प्रश्नाचे उत्तर मी तेव्हापासून शोधते आहे.

विल्फने हातातले झाकण लावले. "चल, चहा गार होतोय," एवढेच तो म्हणाला. तो ओरडला असता तर लायनेल वाचला असता.

कलम ६. घरातल्या बोळातील टेलिफोनचे टेबल मोडून टाकावे. कोणाला देऊ नये.

१९६३ च्या वसंतात त्या टेबलावरचा फोन वाजला. लायनेल होता. मी दोन पावलांवर होते आणि तो इतक्या मोठ्याने बोलत होता की मला सगळे ऐकू आले.

"विल्फ, या खेपेला लगाम ओढणार नाहीत. वरच्यांनी ठरवलंय. एकदा जोर लावून वाढायचं, वाढ झाली की गंगाजळीचं आपोआप बघता येईल. अडचण आली तरी थांबायचं नाही. मी तिथं बसलोय, माझ्या कानांनी ऐकलंय. कर्ज काढ. माणसं परत घे."

"तुला हे सांगायची परवानगी आहे?"

"नाही."

विल्फने रिसीव्हर ठेवला आणि तो तसाच उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होते. "म्यूरी, या वेळी त्यानं मला सांगितलं गं." त्याला बातमीचा आनंद नव्हता. त्याला भाऊ परत मिळाला होता.

त्याने कर्ज काढले. नेलीला आणि इतरांना परत बोलावले, रात्रपाळी सुरू केली. शेजारचे मि. अश्रफ त्याच पाळीसाठी सातासमुद्रापलीकडून आले. दीड वर्ष यंत्रे शेडमध्ये टिकेनात. रंग पुरता वाळायच्या आधीच, बोटांचे ठसे उमटलेली जात. मग गंगाजळी पुन्हा आटली. सरकार बदलले, माणसे बदलली, पण आटणे बदलले नाही. आज थोडा लगाम, उद्या थोडा, आणि १९६६ च्या जुलैत सगळेच लगाम एकदम ओढले. हप्ते आखडले, कर्ज आखडले, पगारसुद्धा गोठवले. ज्यांनी धावायचे ठरवले होते ते खोटे बोलले नव्हते. त्यांचा तसाच विश्वास होता. बँकेने सप्टेंबरात फाटकाला कुलूप लावले.

शेडची एक किल्ली विल्फकडे राहिली होती. बँकेच्या माणसाने ती मागितली नाही. त्याला यंत्रे चालू स्थितीत विकायची होती.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी विल्फ चहाला आला नाही. मी खाली गेले. तो सहाव्या रांगेत एका यंत्राला टेकून उभ्यासारखा होता, उजवा हात कोपरापर्यंत टबात. मी हाक मारली. जवळ जाऊन खांद्याला हात लावला तेव्हा कळले. त्याच्या मागची सगळी यंत्रे फिरवून झाली होती. पुढची राहिली होती.

आता रविवारी मी जे ऐकते ते त्या पुढच्या रांगांचे आहे, असे मला वाटते. ते कधी संपेल हे मला सांगता येत नाही. मी जाऊन पाहिले, तिथे गालिचेच आहेत.

कलम ७. लायनेल.

अंत्यविधीला तो चॅपलमध्ये मागच्या बाकावर बसला होता. नंतर पावसात भिजत या घराच्या दाराशी आला. दार मी उघडले.

"आत येऊ नकोस," मी म्हटले. "पहिल्यांदा तुला ठाऊक होतं आणि तू बोलला नाहीस. दुसऱ्यांदा बोललास तेव्हा तुला ठाऊक नव्हतं. आता तिसरं काय घेऊन आलायस?"

"काही नाही, म्यूरी."

मी दार लावले. आमचे शेवटचे बोलणे ते. पुढच्या वर्षी पौंडाची किंमत उतरवली. ती वाचवण्यासाठीच इतकी वर्षे सगळे चालले होते. त्याच हिवाळ्यात लायनेलने नोकरी सोडली आणि पूर्व किनाऱ्यावरच्या एका लहान शाळेत मुलांना गणित शिकवू लागला. नाताळला त्याचे कार्ड येई. त्यावर फक्त नाव.

१९७८ मध्ये तो गेला. आपली राख विल्फच्या थडग्यात ठेवावी अशी त्याची इच्छा होती. थडग्याचा हक्क माझ्या नावे आहे. शाळेने राखेची पेटी माझ्याकडे पाठवली, आणि ती मी वरच्या मागच्या खोलीत, त्याच्या लहानपणीच्या कपाटात ठेवली. तेव्हापासून ती तिथे आहे. विल्फचा निदान आवाज येतो. लायनेलचा काहीच येत नाही. पण त्या खोलीच्या दारावरून जाताना दर वेळी असे वाटते की आत कोणीतरी बोलत होते आणि आत्ताच थांबले.

ती पेटी विल्फजवळ ठेवावी की नाही, याचा निर्णय माझ्या पश्चात ज्यूडिथने करावा. मला तो करता आलेला नाही.

कलम ८. वरील कलम ७ मधील शेवटची दोन वाक्ये मी रद्द करते. कारण खालीलप्रमाणे.

सोमवारी सही करायची म्हणून नेली आली. साक्षीदाराला मजकूर वाचायची गरज नसते, असे मि. एंटविसल यांनी सांगितले होते. नेली म्हणाली, "न वाचता मी कशावर सही करत नाही. एकदा हप्त्याच्या कागदावर केली होती." चष्मा लावून तिने सगळे वाचले. ईस्टरची गोष्ट तिला ठाऊक नव्हती. फोनची तर नव्हतीच. दोन वेळा काम गेलेली बाई ती. मी तिच्या तोंडाकडे पाहत होते.

तिने कागद खाली ठेवले. "त्या दिवशी इथून निघाले ना, ते माझ्याकडे आले होते."

"कोण?"

"मिस्टर लायनेल. अंत्यविधीच्या दिवशी. गाडीला दोन तास होते आणि बाहेर मुसळधार. बूट पार भिजलेले. मी चुलीपाशी बसवलं, चहा दिला, आल्याचा केक दिला. दोन तुकडे खाल्ले."

"काय म्हणाला?"

"काहीच नाही. आता तुम्ही लिहिलंय ते एका अक्षरानंही नाही. जाताना मात्र दारात थांबले आणि विचारलं, 'म्युरिएल पुढच्या खोलीत शेगडी पेटवते ना? तिला लहानपणापासून थंडी सोसत नाही.' मी म्हटलं, पेटवतात. 'बरं झालं,' म्हणाले, आणि गेले."

मग मी विचारले, "इतकी वर्षं तू हे मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही त्यांचं नाव काढू द्यायचात का कुणाला?" नेलीने चष्मा पुसला. "आणि हे शेवटी काय लिहिलंत, ज्यूडिथनं ठरवावं? त्या पोरीच्या गळ्यात कशाला धोंडा बांधून जाताय? तुम्ही जिवंत आहात, माझे पाय अजून चालतात. ती पेटी खाली आणा."

"तुला राग नाही येत त्याचा?"

"येतो की. पण राग आला म्हणून माणसाला कपाटात ठेवतात होय?"

सही तशीच राहिली. गुरुवारी सकाळी आम्ही दोघी चॅपलच्या मागच्या दफनभूमीत गेलो. पेटी मी मांडीवर घेऊन बसमध्ये बसले होते. ती वाटली होती त्याहून हलकी होती. कबर खणणाऱ्याने विल्फच्या थडग्यातच एका अंगाला हातभर खड्डा करून ठेवला होता. पाद्री प्रार्थना म्हणून बाजूला झाले. मला काहीतरी बोलायचे होते. घरून ठरवूनही गेले होते. पण पेटी खाली ठेवताना मला त्यातले एक अक्षर आठवेना.

तेव्हा नेली वाकली, विल्फच्या दगडावर दोन बोटांनी टकटक केले, आणि कारखान्यात त्याला हाक मारायची त्याच आवाजात म्हणाली, "मिस्टर विल्फ, जरा सरका. तुमचा भाऊ आलाय."

वरील सर्व मजकूर मी वाचला असून तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे. खाडाखोड माझी आहे.

म्युरिएल एथेल बॅराक्लफ

ही सही आम्हा दोघांच्या समक्ष झाली, आणि आम्ही तिच्या समक्ष व एकमेकांच्या समक्ष सह्या केल्या. या मृत्युपत्रान्वये आम्हाला काहीही मिळत नाही.

१. एलेन सटक्लिफ, ऊर्फ नेली, निवृत्त, जोडणी विभाग, राहणार १४, डॅम स्ट्रीट. (सगळे वाचून सही केली.)

२. मोहम्मद अश्रफ, बसचालक, राहणार ९, बँक टेरेस.

स्थळ: क्रॅगफर्थ
दिनांक: ६ नोव्हेंबर १९८७